रुग्णांचे म्हणणे पुराव्यात धरा

मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे लांबलचक नाव आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे त्यामानाने परिचित नाव, ही दोन्ही आता एमई/सीएफएस अशी जोडूनच लिहिली जातात. या आजाराचे रुग्ण गेली अनेक दशके वैद्यकीय व्यवस्थेशी भांडत आहेत. आपल्याकडे या भांडणाविषयी फारसे कोणी बोलत नाही आणि जे बोलतात ते बहुधा असे म्हणतात की, आपल्या आजाराला मानसिक म्हटलेले या लोकांना खपत नाही, म्हणून ते चिडतात. हे म्हणणे मला साफ चुकीचे वाटते. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर सांख्यिकी शिकवली आणि २०२१ पासून माझी मुलगी या आजाराने घरात आहे. या दोन कारणांमुळे मी या वादातली कागदपत्रे जितकी मिळाली तितकी वाचली आणि माझी खात्री झाली की हा सगळा वाद पुरावा कशाला म्हणायचे याविषयीचा आहे. श्रम केल्यावर आपले काय होते हे रुग्ण वर्षानुवर्षे सांगत होते. ते सांगणे मोजण्याच्या लायकीचे आहे, हे मान्य करायला वैद्यकशास्त्राने फार उशीर लावला.

या आजाराचे मुख्य लक्षण थकवा हे नाही, असे मी ठामपणे लिहितो, कारण थकवा तर रक्त कमी असले, थायरॉइड बिघडले, मधुमेह झाला किंवा घरात झोपेचे खोबरे झाले तरी येतो. या आजाराची खूण अशी की शरीराच्या मर्यादेपलीकडे थोडेसेही श्रम झाले, मग ते जिना चढण्याचे असोत, अर्धा तास एकाग्रतेने वाचण्याचे असोत किंवा पाहुण्यांशी बोलण्याचे असोत, तर त्यानंतर काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, सगळी लक्षणे एकदम उसळतात. अंग मोडून येते, घसा धरतो, प्रकाश आणि आवाज सहन होत नाहीत, उभे राहिले की छातीत धडधडते, वाक्य बोलता बोलता शब्द सापडत नाही आणि रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नाही. ही घसरण कधी दोन दिवस टिकते, कधी महिनाभर, आणि काही वेळा रुग्ण पूर्वीच्या पातळीवर परत येतच नाही. डॉक्टर याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. आमच्या घरात ‘कोसळणे’ म्हणतात.

माझी मुलगी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नोकरी करत होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला, तो फार गंभीर नव्हता, प्राणवायूची पातळीही उतरली नाही, आणि पंधरवड्यानंतर ती कामावर रुजू झाली. पण ती पहिल्यासारखी झालीच नाही. सगळे तपास झाले, सगळे अहवाल ठीक आले आणि आम्ही ज्या फिजिशियनकडे जात होतो त्यांनी तिला सांगितले की शरीर आळसावले आहे, रोज थोडे थोडे चालणे वाढवा, दर आठवड्याला दहा मिनिटे जास्त. मुलगी शिस्तीची. ती पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊ लागली, मनगटावरच्या घड्याळातले पावलांचे आकडे नेमाने वहीत उतरवू लागली आणि दर आठवड्याला थोडी अधिक आजारी होत गेली. तिने हे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की सुरुवातीला असे वाटणारच, मनाचा निग्रह ठेवा.

तिच्या त्या वहीचे मी पुढे काय केले ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचे मर्म तिथे आहे. एका आलेख कागदावर मी रोजची पावले मांडली. ट्रेसिंग पेपरवर त्याच प्रमाणात, ती दिवसाचे किती तास आडवी होती, हे मांडले. त्याची नोंद तिची आई ठेवत असे. दोन कागद एकावर एक ठेवले तर काहीच संगती लागत नव्हती, उलट जास्त चाललेल्या दिवशी ती कमी आडवी होती, म्हणजे चालणे तिला मानवते असाच कोणाचाही समज झाला असता. मग मी वरचा कागद एक घर डावीकडे सरकवला, नंतर दुसरे घर, आणि दुसऱ्या घरावर पावलांचे प्रत्येक शिखर अंथरुणातल्या तासांच्या शिखरावर जाऊन बसले. अठ्ठेचाळीस तासांचे अंतर. एका व्यक्तीच्या नोंदींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. पण ज्या डॉक्टरांनी सल्ला दिला त्यांनी ‘फिरून आल्यावर कसे वाटते’ एवढेच विचारले होते, परवा कसे वाटते हे विचारलेच नव्हते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अहवालात येत नसते.

त्या डॉक्टरांवर माझा व्यक्तिगत राग नाही. ते जे सांगत होते ते त्या वेळी पाठ्यपुस्तकांतून आणि परदेशी मार्गदर्शक सूचनांतून आलेले होते. तो सल्ला तिथे कसा पोहोचला हे मात्र सांगायला हवे.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ च्या जुलैमध्ये एक साथ आली. दोनशे नव्वदच्या वर कर्मचारी आजारी पडले, त्यात परिचारिका आणि डॉक्टर मोठ्या संख्येने होते, आणि रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. तिथले डॉक्टर मेल्विन रॅम्से यांनी हे रुग्ण स्वतः पाहिले, पुढे कित्येक वर्षे त्यांचा पाठपुरावा केला आणि स्नायूंची शक्ती थोड्याशा श्रमानंतर संपते व भरून यायला अवाजवी वेळ लागतो, हे या आजाराचे लक्षण म्हणून नोंदवून ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये या आजाराला मज्जासंस्थेच्या आजारांत जागाही दिली. परंतु १९७० मध्ये मॅकएव्हिडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून रॉयल फ्रीची साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता, असे मत मांडले. त्यांनी एकाही रुग्णाला तपासले नव्हते, जुनी कागदपत्रे चाळली होती, आणि त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा असा होता की आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण फार होते. परिचारिकांनी भरलेल्या रुग्णालयात आजारी पडणाऱ्यांत स्त्रिया जास्त असणार, हे समजायला मानसोपचार शिकावे लागत नाही. तरीही हे मत टिकले. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या लेक ताहोच्या काठी १९८० च्या दशकाच्या मध्यावर अशीच साथ आली, आणि १९८८ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने म्हणजे सीडीसीने क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव व निकष जाहीर केले. निकषांच्या केंद्रस्थानी थकवा ठेवला गेला आणि श्रमानंतरची घसरण ऐच्छिक लक्षणांच्या यादीत गेली. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ठरलेल्या ऑक्सफर्ड निकषांत तर सहा महिने टिकलेला थकवा एवढे जवळजवळ पुरेसे होते. म्हणजे ज्यांना ही घसरण कधी होतच नाही असे लोकही अभ्यासात रुग्ण म्हणून घेतले जाऊ लागले, आणि त्यांना व्यायामाने बरे वाटले की तो निष्कर्ष माझ्या मुलीसारख्यांना लागू होऊ लागला.

आता पेस चाचणीबद्दल. या आजारावरच्या उपचारांची तुलना करणारी ही ब्रिटिश चाचणी २०११ मध्ये लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड खर्च, आणि पैसे देणाऱ्यांत ब्रिटनचे रोजगार व निवृत्तिवेतन खातेही होते. क्रमशः वाढवत नेलेला व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार, म्हणजे विचार व सवयी बदलण्याचा मानसोपचार, यांनी रुग्ण सुधारतात, हा त्याचा निष्कर्ष जगभर गेला, आणि २०१३ मधल्या दुसऱ्या लेखात या दोन्ही उपचारांनी २२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, असा दावा करण्यात आला. कोणी आनंदाने नाचावे असाच आकडा होता. रुग्ण मात्र आनंदले नाहीत, त्यांनी लेख ओळीओळीने वाचला आणि त्यात जे सापडले ते मी वर्गात शिकवत असतो तर वर्षभराचा धडा झाला असता.

शारीरिक कार्यक्षमतेची एक प्रश्नावली असते, तिचे गुण शून्य ते शंभर. पेस चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी रुग्णाचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असावे लागत, म्हणजे तेवढा तो आजारी असावा लागे. मूळ आराखड्यात बरे झाल्याची मर्यादा ८५ होती. चाचणी झाल्यावर ती ६० वर आणली गेली. मागे पडलेल्या मुलांच्या जादा तासाला पासष्टपेक्षा जास्त गुणवाल्यांना प्रवेश नाही आणि वर्षाअखेरीस साठ गुणांना ‘मागे नाही’ असा दाखला, असे एखाद्या शाळेने केले तर पालक मुख्याध्यापकांच्या दारात बसतील. इथे एखादा रुग्ण वर्षभरात ६५ वरून ६० वर घसरला, तरी या मोजपट्टीवर तो बरा ठरू शकत होता. सुमारे १३ टक्के रुग्ण चाचणीत पाऊल टाकतानाच शारीरिक कार्यक्षमता आणि थकवा या दोनपैकी किमान एका मोजपट्टीवर ‘सामान्य’ कक्षेत बसत होते. हा ६० आला कुठून? वृद्ध आणि आजारी माणसेही असलेल्या एका सर्वेक्षणातली सरासरी ८४ घेतली, तिच्यातून प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, २४ होते ते वजा केले, आणि उरलेले ते सामान्य ठरवले. सरासरीतून प्रमाण विचलन वजा करण्याची ही रीत घंटेच्या आकाराच्या वितरणाला शोभते. इथे बहुतेक निरोगी लोक शंभराच्या आसपास दाटीने बसलेले असतात आणि थोड्या आजारी लोकांचे शेपूट खाली लांब पसरलेले असते, म्हणून ही रीत इथे लावणेच गैर आहे. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला वही घेऊन परत पाठवले असते.

बाकी गोष्टी थोडक्यात. मुख्य निष्कर्ष रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर होता. आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे त्यांना ठाऊक होते. चाचणी चालू असतानाच त्यांना पाठवलेल्या वार्तापत्रात उपचारांची प्रशंसा छापली होती. जिथे वस्तुनिष्ठ मोजमाप होते तिथे चित्र फिके होते. व्यायामाच्या गटातले रुग्ण वर्षभरानंतर सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालले, एवढे तर हृदयविकाराचे अनेक रुग्णही चालतात. साधारण अडीच वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात गटागटांत फरक उरला नव्हता.

मूळ आराखड्याच्या निकषांनी किती रुग्ण बरे ठरतात, एवढे सांगा, अशी मागणी रुग्ण करत राहिले. ऑस्ट्रेलियातले एक रुग्ण, ॲलेम मॅथीस, यांनी २०१४ मध्ये माहिती अधिकाराच्या ब्रिटिश कायद्याखाली, ही चाचणी चालवणाऱ्या लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाकडे नावे वगळलेली आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला, माहिती आयुक्तांनी आकडेवारी द्या म्हटल्यावर न्यायाधिकरणात धाव घेतली, आणि वकिलांवर दोन लाख पौंडांहून अधिक खर्च केला. विद्यापीठाच्या बाजूने असाही मुद्दा मांडला गेला की हे रुग्ण-कार्यकर्ते धोकादायक आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल रुग्णाच्या बाजूने लागला, आणि न्यायाधिकरणाने कार्यकर्त्यांच्या वर्तनाविषयीचे ते वर्णन फार फुगवलेले असल्याचे नोंदवले. प्रत्यक्ष पुरावा एवढाच होता की एका व्याख्यानात कोणीतरी एका संशोधिकेला मध्येच टोकले होते. आकडेवारी बाहेर आली. मूळ निकष लावून जे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले त्यात बरे होण्याचे प्रमाण विचार-वर्तन उपचारांत ७ टक्के, व्यायामात ४ टक्के आणि नुसत्या वैद्यकीय देखभालीत ३ टक्के निघाले. हे काम करणाऱ्यांत स्वतः रुग्ण असलेले लोक होते, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या नागरिकांच्या वैज्ञानिक कामगिरीत याला मानाचे पान मिळायला हवे. बर्कली विद्यापीठाशी संबंधित पत्रकार डेव्हिड टुलर यांनी २०१५ पासून या चाचणीची जी चिरफाड केली तिचाही यात मोठा वाटा आहे.

त्यानंतर भिंत हलली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात हा गंभीर, दीर्घकालीन, सर्व शरीरावर परिणाम करणारा आजार असल्याचे म्हटले, श्रमानंतरची घसरण हे निदानासाठी अनिवार्य लक्षण ठरवले आणि अमेरिकेत ८ लाख ३६ हजार ते २५ लाख लोकांना हा आजार असावा, त्यातल्या बहुसंख्यांचे निदानच झालेले नाही, असा अंदाज दिला. सीडीसीने २०१७ मध्ये वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची नवी मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २०२१ मध्ये येणार होती, ती ऐन वेळी डॉक्टरांच्या काही व्यावसायिक संस्थांच्या आक्षेपामुळे थांबवली गेली, रुग्ण संघटनांनी आवाज उठवला, आणि अखेर २९ ऑक्टोबर २०२१ ला ती प्रसिद्ध झाली: ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, आणि शक्तीच्या मर्यादेत राहून दिवसाची आखणी करण्यास मदत करावी. त्याच सुमारास, २०२१ च्या पावसाळ्यात, माझी मुलगी जॉगिंग ट्रॅकवर चालत होती.

वाद इथे मिटला असे मात्र झाले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला एक सखोल अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त १७. त्यात रोगप्रतिकारशक्तीतले आणि मेंदूभोवतालच्या द्रवातले जे फरक सापडले ते महत्त्वाचे आहेत. पण बटणे वेगाने दाबण्याच्या एका चाचणीवरून, रुग्णांचा मेंदू कमी श्रमाचा पर्याय निवडतो, असा अर्थ काढला गेला आणि त्याला जे नाव दिले त्यातून रुग्णांना श्रम नकोसे असतात असाच बोध होत होता. जगभरचे रुग्ण संतापले. अवघड पर्याय निवडल्यावर काही रुग्णांना तो पूर्णच करता येत नव्हता, हे त्याच अभ्यासाच्या आकड्यांत दिसत होते. मग जो हात दमून थांबतो त्याच्या मालकाची पसंती कशी मोजणार, हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. माझ्या मुलीला दिवसातून एकदाच जिना उतरता येतो आणि ती उतरायचे टाळते, यात पसंती शोधायची असेल तर खुशाल शोधावी, पण आधी जिन्यावरून तिला वर आणायला कोणीतरी उभे राहावे.

हे लोक निषेध कसा करत असतील, असा प्रश्न नाशिकमध्ये पडणे स्वाभाविक आहे. आपले शहर पायांनी भांडणारे. मार्च २०१८ मध्ये शेतकरी आणि वनजमिनी कसणारे आदिवासी याच शहरातून निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचले, सोललेल्या तळव्यांची त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. मोर्चा, धरणे, उपोषण, रस्ता रोको, यांतले काहीही ज्याला झेपत नाही त्याने सरकारदरबारी दिसायचे कसे? २५ मे २०१६ रोजी वॉशिंग्टन, लंडन आणि इतर काही शहरांत या रुग्णांनी रिकामे जोडे मांडून ठेवले. जे येऊ शकत नव्हते त्यांनी आपापले जोडे पाठवले होते, त्यावर चिठ्ठ्या होत्या: किती वर्षे आजारी, आधी काय काम करत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये व्हाइट हाउससमोर रुग्ण रस्त्यावर आडवे झाले, त्यांच्यात कोरोनानंतर आजारी राहिलेलेही होते. मी मुलीला ते छायाचित्र दाखवले तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, यांतल्या प्रत्येकाने पुढच्या आठवड्याचे सगळे दिवस आजच खर्च केले आहेत.” आंदोलनातल्या कार्यकर्त्यांविषयी मला वाटणारा आदर त्या वाक्याने फार वाढला.

आणि जे रस्त्यावर आडवेही होऊ शकत नाहीत त्यांच्याविषयी बोलायलाच हवे. इंग्लंडमधल्या एक्झीटर येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये २७ वर्षांची एक तरुणी या आजाराच्या अतितीव्र अवस्थेत, पुरेसे अन्न घेता न आल्याने झालेल्या कुपोषणाने गेली. २०२४ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शासनाला लेखी कळवले की अशा रुग्णांसाठी इंग्लंडमध्ये विशेष खाट, कक्ष किंवा रुग्णालय नाही. ज्या देशात या आजाराची एवढी चर्चा झाली तिथे ही स्थिती. हे वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

रुग्णांच्या निषेधाचा गैरअर्थ लावला जाऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. नैराश्य हा खरा आणि उपचार हवा असलेला आजार आहे, त्याच्या रुग्णाला कमी लेखण्याचा येथे कोणाचाही हेतू नाही. पण नैराश्यात फिरून आल्यावर बहुधा जरा बरे वाटते, आणि इथे परवाचा दिवस जातो, म्हणून दोन्हींचा उपचार एकच असू शकत नाही. आणि प्रत्येक दमलेल्या माणसाने स्वतःला हा आजार ठरवून व्यायाम सोडावा असेही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, क्षयरोग हे सगळे आधी तपासले पाहिजे. घसरण मोजता येत नाही, हे मात्र आता कोणी म्हणू नये. सायकलवर श्वासाच्या मुखवट्यासह केलेली श्रमचाचणी चोवीस तासांनी पुन्हा केली तर निरोगी माणसाचे आणि इतर अनेक आजारांतल्या रुग्णांचे आकडे जवळपास तेच येतात, या आजारात दुसऱ्या दिवशीचे आकडे खाली येतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अर्थात ती चाचणीच रुग्णाला कोसळवू शकते, त्यामुळे ती सरसकट करायची नसते. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कोरोनानंतर असा त्रास असलेल्यांच्या स्नायूंचे तुकडे श्रमाआधी आणि श्रमानंतर तपासले, तेव्हा श्रमानंतर स्नायूंची हानी वाढलेली आढळली. एडिनबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या डिकोड एमई या प्रकल्पात तर रुग्ण आराखड्यापासून सहभागी होते, लाळेचे नमुने त्यांनी घरबसल्या टपालाने पाठवले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय माहितीतून आठ ठिकाणी फरक आढळल्याचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. त्यातले काही रोगप्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी निगडित आहेत.

आपल्याकडे यातले काय पोहोचले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार हा एक प्रकार आहे आणि त्याची उदाहरणे म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन्स यांची नावे आहेत. आमच्या मुलीच्या आजाराचे नाव कुठेच नाही. दाखल्यासाठी आम्ही तिला एका रुग्णालयात नेले, तेव्हा बाहेरच्या लाकडी बाकड्यावर ती आडवी झाली, कारण बसून तिची नाडी एकशे तीसच्या पुढे जात होती. सुरक्षारक्षकाने येऊन उठून बसायला सांगितले, हे झोपायचे ठिकाण नाही म्हणाला. तिच्या आईने ओढणी तिच्या डोळ्यांवर टाकली, त्याला घड्याळातला आकडा दाखवला, आणि तो भला माणूस होता, त्याने बाकड्याच्या टोकाला बसलेल्या दोघांना दुसरीकडे बसवले. आत तपासणाऱ्यांनी हातपाय हलवून पाहिले, शक्ती चांगली आहे म्हणाले, आणि त्या दिवशी ती खरोखरच चांगली होती. नंतरचे दहा-बारा दिवस ती चमच्याने पातळ वरण-भात खात होती, केस धुवायचे तर खाली प्लॅस्टिक अंथरून पलंगावरच धुवावे लागत होते, आणि ते पाहायला तिथले कोणी आमच्या दुसऱ्या मजल्यावर येणार नव्हते.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचार महाविद्यालयांचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे, म्हसरूळच्या बाजूला, दिंडोरी रस्त्यावर. एमबीबीएसचा अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो हे मला माहीत आहे. पण शिक्षकांसाठी कार्यशाळा, प्रकरण-चर्चा, परीक्षेतला एखादा प्रश्न आणि विशेषतः भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांना दिली जाणारी सावधगिरीची सूचना, एवढे तरी येथून सुरू होऊ शकते. म्हणून मी एक निवेदन तयार केले आहे. १२ मे हा या आजाराचा जागतिक जागृती दिवस, त्या दिवशी ते विद्यापीठाला द्यायचे आहे. सह्या घरूनच घेतो आहे, ज्यांना फोनवर बोलणे झेपत नाही त्यांच्या घरच्यांकडून.

निवेदनात मागण्या फार नाहीत. वाढत्या व्यायामाचा सल्ला देण्यापूर्वी श्रमानंतरची घसरण आहे का ते पाहावे. दाखल्याच्या तपासणीत एका दिवसाच्या शक्तीवर निर्णय न देता रुग्णाच्या दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी ग्राह्य धराव्यात. बाह्यरुग्ण विभागात आडवे होऊन थांबण्याची सोय असावी, ही मागणी मुलीने घालायला लावली. आणि विद्यार्थ्यांना रुग्णाची माहिती ज्या तक्त्यावरून घ्यायला शिकवतात त्यात, भूक, झोप, लघवी, शौच या नेहमीच्या रकान्यांखाली, एक रकाना वाढवावा: जास्त श्रम झाले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय होते?